बेपत्ता केलेल्यांची नोंद : मुंबई ते मन्नार

मनुष्याचे निधन झाले म्हणजे ख्रिस्तसभेत त्याच्यासाठी ठरलेला एक क्रम असतो. मिस्साबलिदान होते, दफनविधी होतो, धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीत नाव चढते आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला आप्तजन थडग्यावर मेणबत्ती लावतात. ज्याचे काय झाले हेच कळले नाही, त्याच्या घरच्यांना यांतले काहीच लाभत नाही. आपल्या किनाऱ्यावरील कुटुंबांना हे दुःख अपरिचित नाही. मासेमारीस गेलेला माणूस परत आला नाही की घरातले लोक वर्षानुवर्षे दाराकडे डोळे लावून बसतात. परंतु समुद्राने नेलेल्या माणसाबाबत कोणी काही लपवीत नसते. माणसाला माणसांनीच नेले आणि नेणारेच 'आम्हांला काही ठाऊक नाही' असे सांगू लागले, की त्या दुःखात अन्यायाची भर पडते.

३० ऑगस्ट हा दिवस अशा व्यक्तींच्या स्मरणार्थ पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये तसा ठराव केला आणि २०११ पासून तो जगभर पाळण्यात येऊ लागला. या विषयाची माहिती मराठीत एकत्र मिळावी म्हणून आम्ही हा लेख कुडाळ व परिसरातील भाविकांसाठी देत आहोत. महाराष्ट्रात काय घडले, शेजारच्या श्रीलंकेत काय घडले, कायदा काय सांगतो आणि ख्रिस्तसभेने काय करावे, अशा क्रमाने आम्ही जाणार आहोत.

बेपत्ता होणे आणि बेपत्ता करणे

घर सोडून गेलेला, वाट चुकलेला किंवा अपघातात सापडलेला माणूस बेपत्ता होतो. 'सक्तीने बेपत्ता करणे' हा वेगळा प्रकार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय करारात त्याची व्याख्या दिली आहे. तीत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, व्यक्तीस अटक करून, पळवून नेऊन किंवा अन्य मार्गाने तिचे स्वातंत्र्य हिरावणे. दोन, हे कृत्य शासनाच्या हस्तकांनी किंवा शासनाच्या संमतीने, पाठिंब्याने वा मूक मान्यतेने झालेले असणे. तीन, तिला ताब्यात घेतल्याचेच नाकारणे अथवा ती कोठे आहे हे लपविणे, जेणेकरून ती कायद्याच्या संरक्षणाबाहेर जाते.

हा करार २३ डिसेंबर २०१० पासून अमलात आला. शासनाशी संबंध नसलेल्या टोळ्यांनी असेच कृत्य केले, तर त्याचा तपास करून अपराध्यांना न्यायासनापुढे आणण्याचे बंधन त्याचे तिसरे कलम घालते. सतराव्या कलमान्वये कोणालाही गुप्त कोठडीत ठेवता येत नाही आणि ताब्यात घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीची अद्ययावत नोंदवही ठेवावी लागते. चोविसावे कलम बेपत्ता व्यक्तीच्या कुटुंबीयांनाही पीडित मानते व सत्य जाणून घेण्याचा त्यांचा हक्क मान्य करते.

यादवी युद्धात हा अपराध बहुधा अल्पसंख्य समाजाच्या वाट्याला येतो. भाषेवरून, नावावरून वा गावावरून माणूस संशयित ठरतो. ज्यांनी त्याला नेताना पाहिले ते त्याच समाजाचे असल्यामुळे साक्ष देण्यास भितात. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच कार्यालयात ती लिहून द्यावी लागते. नोंदच झाली नाही म्हणजे काही घडलेच नाही, असे म्हणण्याची सोय होते. म्हणून या विषयात न्यायाची पहिली पायरी नाव, दिवस व ठिकाण लिहून ठेवणे ही आहे, असे आमचे मत आहे. पुढील उदाहरणे त्याच दृष्टीने पाहावीत.

मुंबईतील १६८ माणसे

महाराष्ट्रात यादवी युद्ध झालेले नाही. पण धार्मिक हिंसाचारात माणसे नाहीशी झाल्याचा अनुभव आपल्या राज्याने घेतला आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली उसळल्या. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले व ५ अन्य होते. या आकड्यांत न बसणारी आणखी १६८ माणसे होती. ती घरी परतली नाहीत आणि त्यांचे मृतदेहही ओळखले गेले नाहीत.

मृतांच्या वारसांना शासनाने दोन लाख रुपयांची भरपाई ठरविली होती. बेपत्ता व्यक्तींच्या वारसांनाही पुढे ती लागू झाली, परंतु १६८ पैकी केवळ ६० कुटुंबांपर्यंत ती पोचली. उरलेल्या १०८ व्यक्तींच्या कुटुंबांचा दिलेल्या पत्त्यांवर शोध लागला नाही किंवा कागदपत्रांची पूर्तता झाली नाही. जळालेल्या वस्तीतून पळालेले कुटुंब जुन्या पत्त्यावर सापडणार तरी कसे? माणूस एकदा दंगलीत हरवला आणि त्याचे घर पुन्हा कागदांत हरवले.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी या प्रकरणी निकाल दिला. कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य शासन अपयशी ठरल्यामुळे पीडितांना भरपाई मागण्याचा हक्क पोचतो, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून उरलेल्या कुटुंबांचा शोध घेण्याचे आणि २२ जानेवारी १९९९ पासून ९ टक्के व्याजासह रक्कम देण्याचे आदेश झाले. तोवर दंगलींना जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. इतक्या काळानंतरही न्यायालयास आदेश देता आला, कारण १६८ हा आकडा व त्यामागची नावे कोठेतरी नोंदलेली राहिली होती.

कोठडीतून नाहीसा झालेला तरुण

दंगलीत नाहीसे झालेले लोक कोणाच्या हातून गेले, हे बहुतांशी ठरलेच नाही. शासनाच्या ताब्यातून माणूस नाहीसा होण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण परभणीच्या ख्वाजा युनूस या संगणक अभियंत्याचे आहे. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर येथे बसमध्ये झालेल्या स्फोटाच्या संदर्भात त्याला त्याच महिन्यात अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की, त्याला घेऊन जाणाऱ्या वाहनाला अपघात झाला आणि तो पळून गेला. सहआरोपीने न्यायालयात सांगितले की, कोठडीत त्याला बेदम मारहाण होताना आपण पाहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रकरण राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेले आणि पोलिसांवरच खटला भरण्यात आला. घाटकोपर स्फोटाच्या खटल्यातील आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने युनूसच्या आईला वीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याचा मृतदेह मात्र मिळाला नाही.

आरोप खरा असो वा खोटा, ताब्यात घेतलेल्या माणसाचा हिशेब ताब्यात घेणाऱ्याने दिलाच पाहिजे. संशयितालाही नाव असते आणि त्याची वाट पाहणारी आई असते. हे तत्त्व एका समाजासाठी सोडून दिले की ते सर्वांसाठीच सुटते.

श्रीलंका : एका बिशपांनी केलेली वजाबाकी

आपल्या शेजारी श्रीलंकेत १९८३ ते मे २००९ या काळात शासन व तमिळ वाघांची संघटना यांच्यात यादवी युद्ध झाले. त्या देशातील ख्रिस्तसभेत सिंहली व तमिळ असे दोन्ही भाषिक एकाच वेदीभोवती येतात. म्हणून हे युद्ध ख्रिस्तसभेच्या घरातूनही गेले. एम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेच्या अंदाजानुसार १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे ६० हजार ते एक लाख माणसे बेपत्ता झाली. त्यांत १९८७ ते १९९० च्या उठावातील दक्षिणेकडील सिंहली तरुणही आहेत. तमिळ वाघांनीही माणसे पळवली, मुलांना बळेच सैन्यात ओढले आणि ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतील मुसलमानांना हाकलून दिले. तथापि युद्धकाळात उत्तर व पूर्वेकडील तमिळ नागरिकांना याची झळ सर्वाधिक बसली.

धर्मगुरूही त्यातून सुटले नाहीत. जाफनाजवळील अल्लैपिट्टी येथील संत फिलिप नेरी चर्चमध्ये आश्रयास आलेल्या लोकांवर १३ ऑगस्ट २००६ रोजी तोफगोळे पडून अनेक नागरिक ठार झाले. तेथील धर्मगुरू फादर जिम ब्राऊन यांनी वाचलेल्यांना सुरक्षित स्थळी नेले. आठवड्याने, २० ऑगस्ट रोजी, ते एका सहकाऱ्यासह नौदलाच्या तपासणी नाक्यापाशी शेवटचे दिसले. युद्धाच्या अखेरच्या दिवशी, १८ मे २००९ रोजी, जाफनाच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रान्सिस जोसेफ मुल्लैतिवू भागात शरण जाणाऱ्या लोकांसोबत होते. त्यांच्यासह अनेकांना सैनिकांनी बसमध्ये चढविताना कुटुंबीयांनी पाहिले. त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा लागलेला नाही.

अशा वेळी मन्नार धर्मप्रांताचे बिशप रायप्पु जोसेफ यांनी एक साधे पण धैर्याचे काम केले. शासनाने नेमलेल्या आयोगापुढे जानेवारी २०११ मध्ये त्यांनी आपल्या दोन धर्मगुरूंसह निवेदन दिले. ऑक्टोबर २००८ च्या आरंभी वन्नी प्रदेशाची लोकसंख्या शासनाच्याच जिल्हा कार्यालयांच्या नोंदीनुसार ४,२९,०५९ होती. युद्धानंतर शासनाच्या ताब्यातील भागात आलेल्यांची संख्या, १० जुलै २००९ पर्यंतच्या संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार, २,८२,३८० होती. वजाबाकी केली असता १,४६,६७९ माणसांचा हिशेब लागत नव्हता. ही सर्व माणसे मारली गेली, असा दावा त्यांनी केला नाही. त्यांचे काय झाले हे स्पष्ट करावे, एवढीच त्यांची मागणी होती. बिशप जोसेफ २०१६ मध्ये निवृत्त झाले आणि १ एप्रिल २०२१ रोजी प्रभुघरी गेले. शेवटपर्यंत त्यांना उत्तर मिळाले नाही. मेंढपाळाने कळपाची मोजणी करावी आणि एकही कमी भरले तर शोधास निघावे, ही प्रभू येशूची शिकवण त्यांनी शासकीय कागदांवर आचरली, असे आम्हांस वाटते.

नोंदीच्या मार्गात काही प्रगती झाली, हेही सांगितले पाहिजे. मे २०१६ मध्ये श्रीलंकेने उपरोक्त करारास अंतिम मान्यता दिली. त्याच वर्षी बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय स्थापन करण्याचा कायदा झाला आणि मृत्यूच्या दाखल्याऐवजी 'अनुपस्थितीचा दाखला' देण्याची सोय झाली. त्यामुळे मूल वा पती मेला असे मान्य न करताही घरच्यांना मालमत्ता व बँकेचे व्यवहार पाहता येतात. जानेवारी २०२० मध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांनी बेपत्ता व्यक्ती मरण पावल्या असून तपासणीनंतर त्यांचे मृत्यूचे दाखले देऊ, असे संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीस सांगितले. किलिनोच्ची येथे २० फेब्रुवारी २०१७ पासून रस्त्याकडेला धरणे धरून बसलेल्या मातांनी हे नाकारले. आमची मुले आम्ही तुमच्या हाती दिली होती, ती कोठे आहेत ते आधी सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. २०२५ मध्ये जाफनाजवळील चेम्मणी येथील उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे सापडले. ते कोणाचे हे ठरविण्यासाठीही शेवटी कुटुंबीयांनी जपलेल्या खुणा आणि जुन्या तक्रारीच उपयोगी पडणार आहेत.

ग्वाटेमाला : साक्षी लिहून घेणारे धर्मग्रामस्थ

ख्रिस्तसभेने नोंद ठेवण्याचे काम किती विस्ताराने करता येते, याचा धडा मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाने घालून दिला. तेथील यादवी युद्ध १९६० पासून १९९६ पर्यंत चालले. सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये सांगितले की, मृत व बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक बळी गेले आणि ओळख पूर्ण पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के मूळनिवासी माया समाजाचे होते.

या आयोगाच्या आधीच तेथील धर्मप्रांतांनी स्वतःचा प्रकल्प हाती घेतला होता. साध्या धर्मग्रामस्थांना शिकवून खेडोपाडी पाठविण्यात आले. त्यांनी लोकांच्या मातृभाषांतून पाच हजारांहून अधिक साक्षी गोळा केल्या. बिशप हुआन हेरार्दी यांनी हा अहवाल २४ एप्रिल १९९८ रोजी प्रसिद्ध केला. दोनच दिवसांनी त्यांच्या निवासस्थानी त्यांचा खून झाला. २००१ मध्ये त्याबद्दल लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. लिहिलेली नावे मारेकऱ्यांना किती बोचतात, हे यावरून दिसते.

भारतातील कायदा

भारताने या आंतरराष्ट्रीय करारावर ६ फेब्रुवारी २००७ रोजी, तो स्वाक्षरीसाठी खुला झाला त्याच दिवशी, सही केली. परंतु त्यास अंतिम मान्यता दिलेली नाही आणि 'सक्तीने बेपत्ता करणे' हा आपल्या दंडविधानात स्वतंत्र गुन्हा नाही. तरीही नागरिकाच्या हाती काही साधने आहेत आणि ती प्रत्येक भाविकास ठाऊक असावीत.

राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमान्वये अटक केलेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी नियम घालून दिले. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीने पंचनामा करावा, नातेवाइकास कळवावे आणि पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद करावी, हे त्यांतील मुख्य होत. ताब्यात घेतलेला माणूस दाखविला जात नसेल, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे 'हेबियस कॉर्पस'ची याचिका करता येते. पूर्वी सिंधुदुर्गवासीयांना त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. अपहरणाचा संशय असल्यास कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न येता, गुन्हा नोंदविता येतो. मुंबईत नाहीशा झालेल्या माणसाची फिर्याद कुडाळ पोलीस ठाण्यातही देता येते, हे ध्यानात ठेवावे.

सात वर्षे ज्याची खबर त्याच्या माणसांना लागली नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमातील हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १११ व्या कलमात आला आहे. मात्र या नियमाने मृत्यूची तारीख ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या एका प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले. सबब बेपत्ता व्यक्तीच्या विम्याचे हप्ते खंडित होऊ न देणे शहाणपणाचे ठरते. या सात वर्षांची गणना करतानाही पहिल्या दिवशी केलेली तक्रारच कामी येते.

ख्रिस्तसभेचा कायदा

ख्रिस्तसभेची कायदासंहिता याबाबत दिवाणी कायद्याहून अधिक सावध आहे. १७०७ व्या नियमानुसार, पती वा पत्नीचा मृत्यू दाखल्याने सिद्ध होत नसेल, तर बिशपांनी मृत्यूचे अनुमान जाहीर करेपर्यंत दुसऱ्या जोडीदारास विवाहबंधनातून मोकळे मानता येत नाही. साक्षीदार, लोकांतील बोलणे व अन्य खुणा यांची चौकशी करून मनाची नैतिक खात्री पटल्यावरच बिशप तसे जाहीर करतात. केवळ दीर्घकाळ अनुपस्थिती, मग ती कितीही वर्षांची असो, पुरेशी नाही. गुंतागुंतीच्या प्रसंगी परमगुरुपीठाचा सल्ला घ्यावा लागतो. हा नियम काहींना कठोर वाटेल. पण माणसाच्या मरणाचा निर्णय चौकशीवाचून कोणीही करू नये, हाच त्याचा गाभा आहे.

प्रार्थनेच्या बाबतीत मात्र ख्रिस्तसभेचे दार सताड उघडे आहे. ९०१ व्या नियमान्वये धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्साबलिदान अर्पू शकतात. बेपत्ता व्यक्तीच्या आईने मिस्सा सांगताना 'मयतासाठी की हयातासाठी' या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज नाही. नाव सांगितले की पुरे. त्या माणसाचे काय झाले हे परमेश्वर जाणतो आणि ज्यांनी ते केले त्यांनाही तो ओळखतो.

धर्मग्रामांनी काय करावे

आमच्या मते प्रत्येक धर्मग्रामात तीन कामे सहज होऊ शकतात. नोकरीनिमित्त मुंबई, गोवा, आखाती देश वा जहाजावर गेलेल्या आणि संपर्क तुटलेल्या व्यक्तींची एक वही ठेवावी. तीत पूर्ण नाव, जन्मतारीख, अंगावरील खुणा, शेवटचे दिसल्याचा दिवस व ठिकाण, पोलीस तक्रारीचा क्रमांक व छायाचित्र असावे. परदेशातील युद्ध वा आपत्तीत संपर्क तुटला असेल तर रेड क्रॉसच्या कुटुंबशोध सेवेशी पत्रव्यवहार करण्यास मदत करावी. आणि ही वही केवळ आपल्या भाविकांपुरती न ठेवता शेजारच्या कोणत्याही धर्माच्या कुटुंबासाठी खुली असावी. मुंबईतील १६८ माणसे धार्मिक हिंसाचारातच नाहीशी झाली, हे आपण विसरू नये.

३० ऑगस्टच्या जवळच्या रविवारी भाविकांच्या प्रार्थनांत बेपत्ता व्यक्तींसाठी एक विनंती जोडावी, असे आम्ही सर्व धर्मग्रामांना सुचवितो. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने काइनाला त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारला, तेव्हा काइनाने आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले. बेपत्ता करणाऱ्यांचे उत्तर तेव्हापासून तेच आहे. देवाचा प्रश्नही तोच आहे, आणि तो विचारीत राहण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे.